वजनाचा काटा आणि ताकदीचं औषध

आज बचतीबद्दल बोलायचं नाही. एका औषधाचा इतिहास सांगायचा आहे. तो दूरदेशीचा आहे, पण त्याचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो.

झालं असं. मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, तरी एक मैत्रीण उठेना. सगळ्या गेल्यावर तिनं पिशवीतून एक छोटी रिकामी कुपी काढून सतरंजीवर ठेवली. तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. अंगानं वाढत नाही, वर्गातली पोरं त्याला ‘काडी’ म्हणतात. कुणीतरी त्याला ‘ताकदीचं इंजेक्शन’ दिलं होतं, एक नाही, दोन. आशाताईंनी कुपीवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, हे तर जिममधली पोरं दंड फुगवायला घेतात.”

आम्ही गट चालवणाऱ्या बायका, डॉक्टर नाही. म्हणून आम्ही तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञ ताईंकडे गेलो, त्यांना प्रश्न विचारले, आणि मग वाचायला बसलो. वाचता वाचता कळलं, की हडकुळ्या मुलांना हे औषध द्यावं की नाही हा प्रश्न जगात साठ-सत्तर वर्षांपासून विचारला जातोय. एका आजाराच्या बाबतीत तर तो जिवावरचा प्रश्न होता. त्या आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस.

आधी हा आजार समजून घेऊ. आपल्या शरीरात फुप्फुसात, आतड्यात, स्वादुपिंडात पातळ स्राव तयार होत असतात. या आजारात ते घट्ट आणि चिकट होतात. फुप्फुसात चिकट कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. स्वादुपिंडाच्या नळ्या बुजतात, त्यामुळे पचनाचा रस आतड्यात उतरत नाही. मूल भुकेलं असतं, खातंही पोटभर, पण अंगी लागत नाही. शी तेलकट आणि उग्र वासाची होते. आणि घाम फार खारट असतो. युरोपात जुन्या काळी लोक म्हणत, की ज्या बाळाच्या कपाळाची पापी खारट लागते ते जगत नाही. डॉक्टरांच्या आधी ही खूण आयांना ठाऊक होती.

पुस्तकात या आजाराला नाव मिळालं ते एका बाईमुळे. डॉ. डोरोथी अँडरसन. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचं होतं, पण बाई म्हणून ती वाट बंद झाली. मग त्या न्यूयॉर्कच्या लहान मुलांच्या रुग्णालयात शवविच्छेदनाचं काम करू लागल्या. सिलियाक, म्हणजे गहू न पचण्याचा आजार, असं निदान होऊन दगावलेल्या एका मुलाचं स्वादुपिंड त्यांनी तपासलं, तर त्यात गाठी आणि वण. त्यांनी जुनी कागदपत्रं काढली, अशी आणखी मुलं शोधली, आणि १९३८ साली हा वेगळाच आजार आहे असं लिहून दाखवलं. पुढं १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. तेव्हा गळून गेलेल्या मुलांत याच आजाराची मुलं बरीच आहेत, हे तिथल्या डॉ. पॉल दि सांताग्नीज यांच्या लक्षात आलं. त्यांनी घामातल्या मिठाचं कोडं उलगडलं. त्यातूनच घामाची तपासणी आली. आजही निदानासाठी तीच तपासणी करतात.

आता औषधाकडे वळू. १९३५ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वेगळं काढलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलंही. मुलगा वयात येताना आवाज फुटतो, मिसरूड येतं, खांदे भरतात, ते सगळं याच्यामुळे. मग कल्पना निघाली, की मिसरूड नको, फक्त अंग भरू दे, असं काही बनवता येईल का? त्यातून जी औषधं आली त्यांना अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात, म्हणजे शरीर बांधणारी. १९५८ साली डायनाबॉल नावाची गोळी अमेरिकेत आली, १९६४ साली ऑक्झॅन्ड्रोलोन आलं. पण पुरुषी परिणाम पूर्ण वगळून नुसती ताकद देणारं औषध आजपर्यंत कुणाला बनवता आलेलं नाही.

इथं एक फरक लक्षात ठेवा. दम्याला, सांधेदुखीला डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते वेगळं, सूज उतरवणारं. नाव एक, काम वेगळं. ते डॉक्टरांनी दिलं असेल तर ही गोष्ट ऐकून मनानं बंद करू नका.

अ‍ॅनाबॉलिक औषधं खेळाडूंनी उचलली ते सगळ्यांना माहीत आहे. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन शंभर मीटर जिंकला आणि पदक परत द्यावं लागलं, ते याच जातीच्या औषधामुळे. पण ही औषधं बाजारात आली होती ती आजारी, अशक्त माणसांच्या नावानं. शस्त्रक्रियेनंतर, भाजल्यानंतर, जुनाट दुखण्यात वजन उतरलं की ती देत.

सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांचा विचार डॉक्टरांच्या मनात येणं साहजिक होतं. १९५०च्या सुमाराला यातली बहुतेक मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही पोचत नसत. जी जगत ती बारकी राहत, उशिरा वयात येत. वजन उतरलं की श्वासाचे स्नायू थकत, खोकून कफ काढायलाही बळ राहत नसे. अशा मुलाच्या आईला वजन म्हणजे दिसण्याची गोष्ट नव्हती, पुढचा हिवाळा मूल बघणार की नाही याचा तो हिशोब होता. म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेत काही डॉक्टरांनी या मुलांना नॉरएथँड्रोलोन नावाचं अ‍ॅनाबॉलिक औषध देऊन पाहिलं. त्यांना नावं ठेवायला आमची जीभ उचलत नाही. हातात दुसरं फारसं नव्हतं.

पण किंमत होती. तोंडानं घ्यायची ही औषधं यकृतावर भार टाकतात, आणि या आजारात काहींचं यकृत आधीच बिघडलेलं असतं. मुलींचा आवाज जाड होतो, चेहऱ्यावर केस येतात, आणि बसलेला आवाज औषध थांबवूनही परत येत नाही. लहान मुलांचं तर उलटंच होऊ शकतं. हाडांची वाढणारी टोकं वेळेआधी बंद होतात, म्हणजे आज उंची भराभर वाढल्यासारखी दिसते आणि शेवटी मूल बुटकं राहतं. तरुणांचीही एक गोष्ट आहे. या आजारातल्या बहुतेक पुरुषांची वीर्य वाहून नेणारी नळीच तयार झालेली नसते, पण बीज तयार होत असतं. त्यामुळे आज वैद्यकीय मदतीनं ते बाप होऊ शकतात. अ‍ॅनाबॉलिक औषध नेमकं ते बीज तयार होणंच थांबवतं. आरशातल्या काडीसारख्या अंगाला कंटाळून जो तरुण गुपचूप हे घेतो, त्याला हे कुणी सांगत नाही.

आता या इतिहासातला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग. त्या काळात या मुलांना पथ्य काय होतं? चरबी बंद. तूप-लोणी नाही, साय नाही, तळलेलं नाही. तेलकट शी होते, पोट दुखतं, म्हणून स्निग्ध पदार्थच तोडले होते. म्हणजे एका हातानं ताटातलं लोणी काढायचं आणि दुसऱ्या हातानं वजनाचं औषध शोधायचं!

कॅनडात टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. डग्लस क्रोझियर यांनी १९७०च्या दशकात उलटं केलं. मुलांना सायीचं दूध, लोणी, पोटभर सगळं खाऊ द्या, म्हणाले, फक्त प्रत्येक जेवणाबरोबर पचनाच्या रसाची औषधं भरपूर द्या. हा रस डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. बोस्टनमध्ये मात्र कमी चरबीचंच पथ्य चालू होतं. पुढं मेरी कोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही शहरांच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि १९८८ साली निष्कर्ष छापला. दोन्हीकडच्या रुग्णांची फुप्फुसं जवळपास सारखी चालत होती. पण टोरोंटोचे रुग्ण उंच होते, आणि जगण्याचं मधलं वय बोस्टनला २१ वर्षं, तर टोरोंटोला ३० वर्षं आलं. नऊ वर्षांचा फरक! दोन शहरांत फरक आणखीही असतील, पण सगळ्यात डोळ्यांत भरणारा फरक ताटातला होता. त्यानंतर जगभर या आजाराचं पथ्य बदललं.

याचा अर्थ अ‍ॅनाबॉलिक औषधाचा विचार संपला असं नाही. २००९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी या आजाराच्या पाच मुलांच्या नोंदी छापल्या. ऑक्झॅन्ड्रोलोनच्या छोट्या डोसनं त्यांची उंची वर्षाला सरासरी ५.३ सेंटिमीटरऐवजी ८.३ सेंटिमीटर वाढली, त्रास फारसा झाला नाही. आकडे आशेचे आहेत, पण मुलं पाचच. आणि ती तज्ज्ञांच्या नजरेखाली, रक्ताच्या तपासण्या करत औषध घेत होती. लिहिणाऱ्यांनीही मोठा अभ्यास हवा असंच म्हटलं. पुढं २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्झॅन्ड्रोलोनची मान्यताच काढून घेतली. यकृतात रक्ताच्या पिशव्या होणं, यकृताच्या गाठी, रक्तातल्या चरबीचा बिघाड ही कारणं दिली. ज्या मोठ्या पुरुषांच्या अंगात संप्रेरकच कमी पडतं त्यांना तपासणी करून टेस्टोस्टेरॉन आजही देतात. पण ती कमतरता भरून काढणं झालं, जास्तीची ताकद चढवणं नव्हे.

दरम्यान मूळ कारणाचा शोध चालूच होता. १९८९ साली लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिओर्डन यांच्या गटांनी या आजाराचं जनुक शोधलं. २०१२पासून बिघाडाच्या मुळाशी काम करणारी औषधं येऊ लागली, आणि २०१९ साली तीन औषधांची एकत्र गोळी आली. ती ज्यांना लागू पडते त्यांचा कफ पातळ होतो, श्वास सुधारतो, वजनही वाढतं. वजनासाठी वेगळं काही न घेता! मात्र तिची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे, हेही सांगितलं पाहिजे.

आपल्याकडे हा आजार नाही असं पूर्वी समजत. तो आहे, पण क्षय किंवा कुपोषण म्हणून निसटतो. आणि मैत्रिणींनो, यात एकट्या आईला बोल लावायला जागा नाही. बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच मूल आजारी होतं. नात्यात लग्न झालेलं असेल, मामाच्या किंवा आत्याच्या घरी, तर तशी शक्यता वाढते. तेव्हा ‘हिच्या दुधातच कस नाही’ असं कुणी म्हणालं, तर एवढं एक वाक्य ऐकवा.

आणि तो धागा, जो आपल्या घरापर्यंत येतो. ज्या काळात अमेरिकेत ही औषधं तपासून पाहत होते, त्याच काळात आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या गरीब देशांत ती भूक लागण्यासाठी, मूल धरण्यासाठी म्हणून विकली गेली. आपल्या सरकारनं १९८०च्या दशकात इतर औषधांत अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड मिसळून विकायला बंदी घातली. नुसतं अ‍ॅनाबॉलिक मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं, आणि चिठ्ठीशिवायही कुठं कुठं मिळतं, हे ती कुपी सांगतेच आहे.

त्या मैत्रिणीच्या मुलाचं विचाराल, तर इंजेक्शन थांबलंय. बालरोगतज्ज्ञ ताईंनी त्याची उंची-वजनाची जुनी नोंद मागितली, तेव्हा अंगणवाडीतलं जुनं कार्ड कामाला आलं. क्षय नाही असं कळलंय. घामाची तपासणी जिल्ह्याला जाऊन केली, ती ठीक आली. बाकीचे अहवाल यायचेत. गटानं गाडीभाड्यासाठी आपत्कालीन निधीतून पैसे दिले, आणि त्यावर एकीनंही हरकत घेतली नाही.

त्या रात्री ती आम्हाला म्हणाली, “मी त्याला सुई टोचवली, माझंच चुकलं.” आम्ही तिला टोरोंटो आणि बोस्टनची गोष्ट सांगितली. म्हटलं, मोठमोठे डॉक्टरही मुलांच्या ताटातलं लोणी काढून वजनाचं औषध शोधत होते. चुकलं ते वजन वाढवावंसं वाटणं नव्हे. वजन का वाढत नाही, हे आधी कुणी विचारलं नाही, तिथं चुकलं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं. मूल पोटभर खाऊनही भरत नसेल, छाती पुन्हा पुन्हा भरत असेल, शी तेलकट होत असेल, पापी खारट लागत असेल, तर ते ठामपणे डॉक्टरांना सांगा. आणि ‘ताकदीचं’ म्हणून काही हातात ठेवलं, तर दोन प्रश्न विचारा : यात काय आहे? आणि माझ्या मुलाचं वजन कशामुळे अडलंय? कुपी फेकू नका, नाव वाचून घ्या. वाचता आलं नाही, तर बैठकीला घेऊन या. वह्या मिटल्यावर आम्ही थोडा वेळ बसलेल्याच असतो.