सिद्धगडाआधीची धान्यकोठी

मे 1942. तुम्ही नेरळच्या फलाटावर उतरला आहात. हा कुलाबा जिल्हा आहे. त्याचं नाव रायगड व्हायला 1981 उजाडावं लागेल, तेव्हा आत्ता कोणाला रायगड विचारलात तर तो सरळ महाडकडे बोट दाखवील. मुंबई इलाख्यात निवडून आलेलं सरकार नाही. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने 1939 च्या नोव्हेंबरात राजीनामा दिला आणि तेव्हापासून गव्हर्नर रॉजर लमली एकटे कारभार पाहतात. महायुद्ध सुरू आहे. भारत संरक्षण नियमांखाली कोणालाही खटल्याशिवाय आत टाकता येतं, आणि कशासाठी टाकलं हे विचारायची सोय नाही.

समोरचा डोंगर चढा. माथेरानची लाल माती घोट्यापर्यंत येईल. सीझन जोरात आहे. बंगल्यांच्या व्हरांड्यात चहाची भांडी मांडलेली आहेत आणि वाटेवरून माणसंच माणसांना हातरिक्षात बसवून ओढत नेताहेत. याच गावात 1 डिसेंबर 1912 रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. आज ते वकील आहेत, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झालेले आहेत आणि पंचक्रोशीत सगळे त्यांना भाई म्हणतात. वय अजून तिशीच्या आत.

भाईंकडे कोण येतं ते जरा बाजूला उभं राहून पाहा. डोक्याला मुंडासं बांधलेला शेतकरी कमरेच्या फडक्यातून घडी घातलेला कागद काढतो. गहाणखत आहे. खाली त्याचा अंगठा आहे, वर काय लिहिलंय ते त्याला माहीत नाही. सावकाराने वाचून दाखवलं तेवढंच त्याला ठाऊक. कर्जत तालुक्यात हक्काची लढाई अशी कागद वाचून दाखवण्यापासून सुरू होते. म्हणून भाई गावोगाव शाळा काढायच्या मागे लागले आहेत. अक्षर ओळखणारा माणूस अंगठा उठवण्याआधी निदान दोनदा विचार करील, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

आता डोंगर उतरून खाली कर्जतच्या गावांत चला. दोन महिने पुढे सरका, जुलै लागलाय. आवणीचे दिवस आहेत, शेतात गुडघाभर चिखल आणि घरातली कणगी रिकामी. भाताचा हा पट्टा दरवर्षी आषाढ-श्रावणात उपाशी राहतो. पीक शेतात असतं आणि पोटासाठी खावटी, म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य, काढावी लागते. सावकाराच्या ओट्यावर मापाकडे नीट लक्ष द्या. देताना तो पायलीवरून हात फिरवून शीग मोडतो. दिवाळीनंतर वसूल करताना तीच पायली शिगोशीग भरून घेतो, वर सव्वापट किंवा दीडपट घ्यायची सवाई-दिढी वेगळीच. व्याज वहीत लिहिलेलं असतं. मापातला फरक मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही.

भाईंची धान्यकोठी याच फरकावर घाव घालते. सुगीला शेतकऱ्यांनी भात आणून एकत्र साठवायचं, अडीनडीच्या दिवसांत गरजवंताने त्यातून न्यायचं आणि नवं पीक आलं की परत भरायचं. यंदा तर या कोठीची किंमत आणखी वाढली आहे. मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला आणि भाव चढू लागले. मुंबईत शिधावाटप सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा मे उजाडणार आहे. इथे लोकांनी आपली सोय आधीच लावून घेतली आहे. कोठीत भात ठेवणाऱ्या बाईला विचारा, हे कशाला करता? ती तुमच्याकडे नवलाने बघून म्हणेल, "सावकाराच्या दारात उभं राहायला नको, म्हणून."

एवढ्यात वर पाहा. भाताच्या खाचरांवरून लोखंडी मनोऱ्यांची रांग मुंबईकडे निघाली आहे. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं, कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचं 1922 मध्ये. घाटमाथ्यावरची धरणं पावसाचं पाणी अडवतात, नळांतून ते खाली कोसळतं, चाकं फिरवतं आणि पाताळगंगेला, पेजला जाऊन मिळतं. वीज गिरण्यांना आणि रेल्वेला जाते. टाटांच्याच भिरा वीजघरासाठी बांधलेल्या मुळशीच्या धरणात जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी 1921 पासून तीन वर्षं सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. तुम्ही उभे आहात त्या गावात संध्याकाळी रॉकेलची चिमणी पेटते आणि तारा तिच्या वरून जातात.

ऑगस्ट. आता खिशात छापील कागद असेल तर फेकून द्या. 8 तारखेला गवालिया टँकवर काँग्रेसने 'चले जाव'चा ठराव केला, 9 ला पहाटे गांधीजी आणि सगळे पुढारी उचलले गेले. 15 ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी एक वटहुकूम काढला. कॅप्टनच्या हुद्द्यापासून वरच्या लष्करी अधिकाऱ्याला त्यात जीव जाईपर्यंत बळ वापरण्याची मुभा दिली. गावाने कोणाला लपवलं तर साऱ्या गावाकडून सामुदायिक दंड वसूल करण्याचीही तरतूद झाली. वर्तमानपत्रं गप्प आहेत. खरी बातमी रात्री कुठेतरी एखाद्या रेडिओला कान लावून ऐकायची. उषा मेहतांचं गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र मुंबईत याच महिन्याच्या अखेरीस सुरू होतं आणि 12 नोव्हेंबरला पकडलं जातं.

भाई भूमिगत झाले. त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी त्यात आहेत. आता हे लोक रात्र काढणार कुठे, जेवणार काय? तुम्ही त्यांच्या मागोमाग चालत राहिलात की उत्तर आपोआप मिळतं. दार वाजवावं लागत नाही. आधीच उघडलेलं असतं. आत नाचणीची भाकरी आणि सुकट काढून ठेवलेली. गेल्या वर्षी कोठीतून याच घरात भात आलं होतं, याच घरातलं गहाणखत भाईंनी वाचून दिलं होतं. सरकारी दंडाची दवंडी पिटली गेली तरी दार उघडंच राहतं. हे धाडस ऑगस्टच्या एका भाषणातून आलेलं नाही. गेल्या काही पावसाळ्यांत ते पायली-पायलीने साठलं आहे.

ऑक्टोबरची एखादी रात्र. शेताच्या बांधावर पोट टेकून पडून राहा. भात कापणीला आलंय, त्याचा गोडसर वास दवात मिसळलाय. पुढे काही सावल्या मनोऱ्याच्या पायाशी वाकल्या आहेत. लोखंडावर करवत चालू लागली की आवाज रात्री लांब जातो, म्हणून मधूनमधून थांबायचं, कानोसा घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान दस्त्याने असे 11 मनोरे पाडले असं सांगितलं जातं. मनोरा पडला की गिरण्या थांबतात, आगगाड्या अडतात, युद्धाच्या कामाला खीळ बसते.

इथे तुमच्या मनात प्रश्न येईलच. येऊ द्या. गांधीजींना गुप्तपणा आणि घातपात दोन्ही मान्य नव्हते, आणि त्या वर्षी भूमिगतांच्या आपापसातही हा वाद पेटलेला होता. आजच्या हक्क-चळवळीतला कार्यकर्ता करवत हातात घेणार नाही आणि घेऊही नये. पण न्याय करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सभा बंद, छापखाना बंद, विधिमंडळ बंद, खटल्याविना कैद. ज्या वकिलाने आधी गहाणखतं वाचून आणि नगरपालिकेत बसून काम केलं, त्याच्यासमोरचा प्रत्येक उघडा रस्ता सरकारने आपल्या हाताने बंद केलेला होता.

डिसेंबर. दस्ता भीमाशंकरच्या डोंगरांच्या आडाने मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात शिरला आहे. भाईंच्या डोक्यावर बक्षीस आहे. थंडी कडाक्याची, शेकोटी पेटवायची चोरी. आणि मग तेच होतं जे आपल्या इतिहासात फार वेळा झालं आहे: फितुरी. 2 जानेवारी 1943 ला पहाटे पोलीस अधिकारी हॉल आपल्या तुकडीसह जंगलात येतो. हिराजी पाटील गोळी लागून पडतात. भाई पायात गोळी लागून जखमी होतात आणि हॉलने जवळ येऊन त्यांच्यावर पुन्हा गोळी झाडली असं लोक आजही सांगतात. खटला नाही, आरोपपत्र नाही. तीस वर्षं आणि एक महिन्याचं आयुष्य.

अजून परतू नका, दिल्लीला एक फेरी बाकी आहे. 22 एप्रिल 1943. फेडरल कोर्टात सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर निकाल वाचताहेत. मुंबई इलाख्यातले स्थानबद्ध केशव तळपदे यांनी आपल्या कैदेला आव्हान दिलं आहे. कोर्ट म्हणतं, ज्या नियम 26 खाली देशभर माणसं विनाचौकशी डांबली, तो नियमच मूळ कायद्याच्या अधिकारात बसत नाही. बाहेर येऊन आनंद करायची घाई मात्र करू नका. काही दिवसांतच सरकार नवा वटहुकूम काढतं, नियम मागील तारखेपासून वैध ठरवतं आणि तुरुंगाची दारं बंदच राहतात. सिद्धगडावर बंदुकीने झालं ते इथे शाईने झालं.

आता परत या. पण हातात काय घेऊन परतायचं ते नीट निवडा. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 ला आला, आपलं संविधान 1950 ला. तरी प्रतिबंधक स्थानबद्धतेला त्याच संविधानाच्या 22 व्या अनुच्छेदात जागा उरली. लिनलिथगोंच्या वटहुकुमाच्या साच्यावर 1958 मध्ये स्वतंत्र भारताने सशस्त्र दलांच्या विशेषाधिकारांचा कायदा केला. 1975 च्या आणीबाणीत लोक पुन्हा खटल्याविना आत गेले. राज्य कोणाचंही असो, ही हत्यारं हातात आली की सहसा खाली ठेवली जात नाहीत.

कर्जत-खालापुरात आजही जमिनीच्या कागदाचे वाद आहेत, आजही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि ती फेडण्यात त्यांचा हंगाम संपतो. सिद्धगडावर दर 2 जानेवारीला लोक हुतात्म्यांना वंदन करायला जमतात. तुम्हीही जरूर जा. मात्र त्याच आठवड्यात आपल्या गावातल्या एखाद्याचा सातबारा, उचलीचा हिशेब किंवा पोलिसाची नोटीस त्याला शांतपणे वाचून दाखवा आणि त्याचा अर्थ समजावून सांगा. भाई कोतवालांच्या कामाची सुरुवात तिथून झाली होती, आणि हुकूमशाहीला पुरून उरणारी माणसं याच कामातून तयार होतात.