चार बटणे आणि एक चिन्ह

'पॅनल' हा शब्द मराठी मतदाराने प्रथम आत्मसात केला तो साखर कारखान्याच्या, पतसंस्थेच्या आणि कामगार संघटनेच्या निवडणुकीत. पॅनल उभे करायचे, समोरच्याचे फोडायचे, 'पॅनल टू पॅनल' मत मागायचे, हे व्यवहार पिंपरी-चिंचवडसारख्या कारखानदारीच्या शहराला नवे नव्हते. महापालिकेच्या निवडणुकीत मात्र हा प्रकार कायद्याच्या दाराने आला, आणि तोही एकदाच येऊन स्थिरावला नाही.

२००२ साली प्रभागात तीन सदस्य होते. २००७ मध्ये एक वॉर्ड, एक नगरसेवक अशी जुनी रीत परतली. २०१२ साली दोन सदस्य आले, २०१७ साली चार. २०१९ च्या अखेरीस विधिमंडळाने पुन्हा एक सदस्य ठरवला, २०२१ मध्ये तीन आणि २०२२ मध्ये पुन्हा चार. सरकार बदलले की प्रभाग बदलतो, हे इतक्या सरळपणे क्वचितच पाहावयास मिळते. मुंबईत त्या काळात एकसदस्य पद्धतच चालू राहिली. तेथील मतदाराला एकच बटण दाबावे लागते. म्हणजे शेजारच्या दोन शहरांत मतदानाचा अर्थच निराळा.

२०१७ च्या निवडणुकीत पिंपरी-चिंचवडमध्ये ३२ प्रभाग आणि १२८ जागा होत्या. २०११ च्या जनगणनेची सव्वासतरा लाखांची वस्ती धरली, तर एका प्रभागात सरासरी ५४,००० माणसे येतात. जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे आणि प्रत्येकीच्या मतपत्रिकेस निराळा रंग: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय शेवटचा लांब आवाज होत नसे. एकाच उमेदवाराला ओळखणार्‍या मतदारालाही उरलेल्या तीन जागांचा काहीतरी निकाल लावावाच लागे. पक्षाचे चिन्ह, नाहीतर 'वरीलपैकी कोणीही नाही'. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातून आलेला हा पर्याय मुळात नाराजीसाठी होता. येथे तो अपरिचयासाठीही कामी आला असणार.

यातली गंमत अशी, की मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी येतात, पण त्यांच्यातला क्रम आडनावांच्या किंवा नावांच्या अक्षरांवर ठरतो. त्यामुळे एकाच पक्षाचे चिन्ह पांढर्‍या पत्रिकेवर दुसरे, तर निळ्यावर चौथे असू शकते. कार्यकर्त्यांनी घरोघरी नमुना मतपत्रिका वाटायच्या, लाकडी-पुठ्ठ्याची नमुना यंत्रे फिरवायची ती याचसाठी. चौघांची नावे पाठ करवणे अशक्य. एक चिन्ह चार वेळा शोधायला शिकवणे शक्य.

अमेरिकेत हेच काम यंत्राने केले. न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे १८९२ साली तरफांचे मतदानयंत्र प्रथम वापरले गेले. पुढे अनेक राज्यांतल्या अशा यंत्रांवर पक्षाची स्वतंत्र तरफ असे. ती ओढली की सगळ्या पदांची मते एकाच पक्षाला. २०१८ साली टेक्सासमध्ये काही मतदारांनी तक्रार केली, की पक्षाला एकगठ्ठा मत दिल्यावर एखादी निवड आपोआप बदलली किंवा पुसली गेली. पडदा पूर्ण उमटण्याआधीच बटण दाबले गेले, असा अधिकार्‍यांचा खुलासा होता. २०२० पासून त्या राज्याने ती सोयच काढून टाकली. आमच्याकडे अशी तरफ कधीच नव्हती. ती प्रभागरचनेत बसवलेली आहे, असे आम्हांस वाटते.

२१ फेब्रुवारी २०१७ च्या मतदानात भारतीय जनता पक्षाला ७७ जागा मिळाल्या. २०१२ मध्ये त्याच्याकडे ३ होत्या. राष्ट्रवादी काँग्रेस ८३ वरून ३६ वर आली. एवढ्या उलथापालथीनंतर संशय यंत्रावर गेला, आणि शेजारी पुण्यात तर पराभूतांनी यंत्राची अंत्ययात्राही काढली. अजित पवारांचा हा बालेकिल्ला ढासळण्यामागे पक्षांतरे होती, राज्यातील सत्ता होती. पण चारजणांना एका चिन्हामागे बांधणार्‍या कायद्याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. यंत्रातला दोष सिद्ध करावा लागतो. हा तर राजपत्रात छापलेला होता! अर्थात गणित अचूक नव्हते: त्याच निवडणुकीत ५ अपक्षही निवडून आले, म्हणजे चारातले एखादे बटण वेगळे दाबणारे मतदार होतेच. पण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन चौघांपैकी कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न त्यांनाही सुटला नसेल.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पावणेचार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. दरम्यान २ डिसेंबर २०२५ रोजी चाकण नगरपरिषदेत मतदाराने नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागातल्या सदस्यांसाठी निराळी बटणे दाबली. १५ जानेवारी २०२६ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा ३२ प्रभाग, १२८ जागा आणि चार मते. लोकसभा-विधानसभेला मताची चिठ्ठी काचेमागे क्षणभर दिसते, ती सोय या निवडणुकांत नव्हती. बहुसदस्य पद्धतीतील तांत्रिक अडचण हे कारण राज्य निवडणूक आयोगाने दिले होते.