पेन्सिलीने लिहिलेले व्होल्ट

मागे रेडिओच्या लायसन्सविषयी लिहिलं होतं, तेव्हा पुण्याच्या भाच्याने विचारलं, "मामा, व्हॉल्व्हचा रेडिओ बिघडला की लांज्यात तुम्ही काय करायचात?" प्रश्न एका ओळीचा, उत्तर जरा लांबणार आहे. (मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तराने ओहम आणि व्होल्ट सांगावेत हे जरा अतीच, पण चालवून घ्या!)

फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह केला १९०४ साली. मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. या दोन्हींच्या मधे, १९२३ मध्ये, विलायतेत ॲव्होमीटर बाजारात आला. तिथल्या पोस्टखात्यातल्या मॅकॅडी नावाच्या इंजिनिअरला अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला वेगवेगळी यंत्रं वागवण्याचा कंटाळा आला होता. तिन्हींची आद्याक्षरं मिळून ॲव्हो. रेडिओचा इतिहास लिहिणारे गायक-निवेदकांवर पानंच्या पानं लिहितात, या काटेवाल्या पेटीवर एक ओळ नाही.

आमच्याकडे हे सगळं मुंबईमार्गेच यायचं. ठाण्याच्या मर्फीचे सेट, लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग, आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत धोतरात गुंडाळलेला एखादा व्हॉल्व्ह. बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. व्हॉल्व्ह टेस्टर त्यांनी कधी घेतला नाही. स्वस्तातला टेस्टर कॅथोडमधून पुरेसे इलेक्ट्रॉन निघतात का एवढंच पाहतो. तो "चांगला" म्हणतो, आणि रेडिओत घातला की तोच व्हॉल्व्ह खरखरतो. काकांची पद्धत सोपी, खात्रीचा दुसरा व्हॉल्व्ह लावून बघायचा, नाहीतर चालू सेटमध्ये पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची.

खरा शत्रू आमचा पाऊस. चार महिन्यांच्या दमटपणात कागदी कंडेन्सर गळायला लागतात. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर गळला की ग्रिडवर नको ते धन व्होल्टेज चढतं, करंट वाढतो आणि व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. आता गंमत अशी, की ग्रिडवर मोजायला जावं तर काकांचा मीटर शून्यच दाखवणार, कारण ते इवलंसं व्होल्टेज मीटरच पिऊन टाकतो. म्हणून ते कॅथोडच्या रेझिस्टरवर मोजत. तिथलं व्होल्टेज जास्त दिसलं की कंडेन्सरचं एक टोक सोडवायचं. आकडा खाली आला, की चोर सापडला.

मीटर पितो म्हणजे काय? दोनशे व्होल्टवर शंभर-शंभर किलोओहमचे दोन रेझिस्टर ओळीने जोडा. मध्यावर १०० व्होल्ट हवेत. काकांचा मीटर हजार ओहम-प्रति-व्होल्टचा, म्हणजे २५० च्या रेंजवर स्वतःच २५० किलोओहम. तो लावला की तिथे उरतात ८३. आजचा दहा मेगाओहमचा डिजिटल मीटर ९९.५ सांगतो. दोघेही खरं बोलतात, कारण मीटर लावल्यावर तिथे तेवढेच व्होल्ट असतात.

काकांची वही आणि मीटर त्यांच्या मुलाने मला दिला. कुठल्या मॉडेलला कुठे किती व्होल्ट, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. भाच्याने गेल्या मे महिन्यात माझ्या जुन्या सेटवर डिजिटल मीटर लावला आणि वही चुकीची ठरवून रेझिस्टर बदलायला निघाला. मी म्हटलं, थांब. (आणि एक हात खिशात ठेव बाबा, सेट बंद केला तरी कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बसलेले असतात.)

आधी काकांचाच मीटर दुरुस्त करायला घेतला. कार्बनचे रेझिस्टर वयानुसार वाढतात. २५० रेंजचा रेझिस्टर २५० किलोओहमऐवजी २९० झाला होता, म्हणजे खरे २५० व्होल्ट जेमतेम २१५ दिसणार. नवा बसवला, गंजलेल्या स्विचचे संपर्क घासले, काच पुसली.

रेक्टिफायरच्या पुढे दोन्ही मीटर एकच आकडा बोलले. मग पहिल्या व्हॉल्व्हच्या स्क्रीनवर लावून बघितलं. डिजिटल म्हणाला १००.५. काकांचा काटा ८४ वर थांबला. वहीत होतं, ८५.

भाच्याने रेझिस्टर परत डबीत ठेवले.