विदर्भातील जीवाश्मांचा शोध

प्राचीन जीवांच्या दगड बनलेल्या अवशेषांना जीवाश्म म्हणतात. भारतात त्यांचा अभ्यास विद्यापीठांत सुरू झाला नाही. दुसऱ्याच कामासाठी आलेल्या माणसांनी फावल्या वेळात तो आरंभला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ओळखला जाणारा विल्यम स्लीमन याला 1828 मध्ये जबलपूरजवळच्या बारा सिमला टेकडीवर डायनोसॉरची हाडे सापडली, पण त्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव रिचर्ड लायडेकर याने दिले ते 1877 मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर.

विदर्भात हे काम स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने केले. नागपूर परिसरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातला गाळ सापडतो. एक उद्रेक शमल्यानंतर आणि दुसरा सुरू होण्यापूर्वी तेथे तळी होती, असा त्याचा अर्थ. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशा थरांतून हिस्लॉप व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी शंखशिंपले आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेली एक रुंद, आखूड कवटी लंडनला गेली आणि 1855 मध्ये रिचर्ड ओवेन याने तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. हा बेडकांसारखाच उभयचर वर्गातला, पण डायनोसॉरांच्या भरभराटीच्या काळाहून कितीतरी जुना प्राणी होता. नमुने इथले आणि नामकरण मात्र इंग्लंडात, ही तेव्हाची रीतच होती. तरी कोणता दगड उचलावा हे ठरवणारी नजर गोळा करणाऱ्याचीच असे, आणि तिचे श्रेय इतिहासात बहुधा कमी नोंदले गेले. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना 1863 मध्ये हिस्लॉप ओढ्यात बुडून मरण पावला.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ असलेल्या पिसदुऱ्याची कथा याहून रंजक आहे. तिथल्या लॅमेटा थरांत, म्हणजे दख्खनच्या लाव्हाखाली दबलेल्या गाळात, डायनोसॉरच्या हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही विपुल मिळते. चार्ल्स मॅटली याने 1939 मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. हाडांवरून प्राण्याचा आकार कळतो, पण त्याने काय खाल्ले हे विष्ठेतूनच अधिक नेमके कळते. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या नमुन्यांत फायटोलिथ, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार त्यांत गवताचे कण होते, आणि तेही एकाच जातीच्या गवताचे नव्हते. गवतांचा विस्तार डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा, ही रूढ समजूत त्यामुळे बदलावी लागली. अर्थात गवत हा त्या आहाराचा लहानसा भाग होता. बाकी अवशेष इतर वनस्पतींचे होते. शिवाय ही विष्ठा टायटॅनोसॉर गटातील डायनोसॉरांची, हा निष्कर्ष मुख्यतः ती त्यांच्या हाडांसोबत सापडते यावर उभा आहे.