रिफँपिसीन आणि एचआयव्हीरोधी औषधे : परस्परक्रियेचा इतिहास

क्षयरोगावरील रिफँपिसीन हे प्रतिजैव औषध आणि एचआयव्ही या व्हायरसावरील काही औषधे एकाच वेळी घेतली असता, पहिल्यामुळे दुसऱ्यांचे रक्तातील प्रमाण घटते. एचआयव्हीबाधितांना सर्वांत अधिक ग्रासणारा संधिसाधू रोग भारतात क्षयच असल्याने ही परस्परक्रिया येथे विशेष महत्त्वाची ठरली.

रिफामायसीन गटातील पदार्थांचा शोध १९५७ मध्ये मिलान येथील लेपेटिट प्रयोगशाळेत लागला. त्यांपासून तयार केलेले रिफँपिसीन १९६८ मध्ये वापरात आले आणि क्षयाचा दीर्घकालीन उपचार पुढे सहा महिन्यांवर आणणे शक्य झाले. मात्र हे औषध यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटाच्या एंझाइमांची निर्मिती वाढविते. ही एंझाइमे इतर अनेक औषधांचे विघटन करतात. हा परिणाम पूर्णपणे प्रकट होण्यास एक ते दोन आठवडे लागतात आणि औषध थांबविल्यावरही तो सु. दोन आठवडे टिकतो. संततिप्रतिबंधक गोळ्या त्यामुळे निष्प्रभ होतात, हे १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीच लक्षात आले होते.

एचआयव्हीविरुद्ध तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून रूढ झाला आणि हा प्रश्न तीव्र झाला. प्रोटिएज-रोधकांचे प्रमाण रिफँपिसिनामुळे ७५ ते ९५ टक्क्यांनी, नेव्हिरापिनाचे सु. एक तृतीयांश ते निम्म्याने, तर एफाव्हिरेंझाचे सु. एक चतुर्थांशाने घटते. अपुऱ्या मात्रेत व्हायरस केवळ जगतोच असे नाही, तर औषधास दाद न देणारे त्याचे प्रकार वाढतात. नेव्हिरापिनास न जुमानणारा व्हायरस बहुधा एफाव्हिरेंझासही जुमानत नाही. म्हणून एका औषधाचे अपयश पुढचा मार्गही बंद करते.

मुंबईच्या सिप्ला या कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्याचा खर्च १०,००० डॉलरांहून अधिक होता. स्वस्त उपचाराच्या या जुळणीत स्टॅव्ह्युडीन व लॅमिव्ह्युडीन यांच्याबरोबर नेव्हिरापीन होते. रोग्याला परवडणारा उपचार आणि क्षयाचा उत्तम उपचार यांचा मेळ बसत नव्हता, तो येथेच. भारत शासनाने १ एप्रिल २००४ पासून आठ केंद्रांत मोफत एचआयव्ही उपचार सुरू केला. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. क्षय असलेल्यांना नेव्हिरापिनाऐवजी एफाव्हिरेंझ देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने ११६ रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्यास पुष्टी दिली. २४ आठवड्यांनंतर एफाव्हिरेंझ घेणाऱ्यांपैकी सु. ८५ टक्के, तर दिवसातून एकदा नेव्हिरापीन घेणाऱ्यांपैकी सु. ६५ टक्के रुग्णांत व्हायरसाचे प्रमाण पुरेसे घटले होते.

दुसऱ्या फळीतील प्रोटिएज-रोधकांबरोबर रिफँपिसिनाऐवजी रिफाब्युटीन वापरतात. येथे परस्परक्रिया उलट दिशेने होते. रिटोनाव्हिरामुळे रिफाब्युटिनाचे प्रमाण वाढते, म्हणून त्याची मात्रा ३०० वरून १५० मिग्रॅ. करावी लागते. २०२० च्या सुमारास राष्ट्रीय कार्यक्रमात आलेले डोल्युटेग्रॅव्हीर रिफँपिसिनाबरोबर ५० मिग्रॅ. दिवसातून एकदा न देता दोनदा देतात आणि क्षयाचा उपचार संपल्यावरही दोन आठवडे तसेच चालू ठेवतात. कोविड-१९ वरील निर्माट्रेल्व्हीर-रिटोनाव्हीर हे औषध रिफँपिसीन घेणाऱ्यांस वर्ज्य आहे.

हे नियम रुग्णापर्यंत पोहोचणे त्याची सर्व औषधे एकत्र पाहिली जाण्यावर अवलंबून असते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या स्नेहालय या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रिया व एचआयव्हीबाधित मुले यांच्यासाठी काम उभे केले. अशा कार्यातून रुग्ण उपचारापर्यंत येतो. परंतु त्याच शहराच्या सावेडी उपनगरातील एखादा रुग्ण क्षयाचे औषध खाजगी डॉक्टरांकडून आणि एचआयव्हीचे शासकीय केंद्रातून घेत असेल व एकाची माहिती दुसऱ्यास नसेल, तर दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर असूनही उपचार फसू शकतो. म्हणूनच प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणी आणि प्रत्येक एचआयव्हीबाधिताची क्षयासाठी विचारपूस हा दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रमांचा समाईक भाग झाला आहे.