काचपट्टीपासून वेबपृष्ठापर्यंत : मुंबईतील चित्रकथनाची परंपरा आणि ब्राउझरवरील स्लाईड-शो

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अध्यापनात दृक्साधनांचा वापर ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. मात्र ही साधने किती काळ टिकतात, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनीही फारसा केलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न एका सीडीमुळे पडला. सुमारे वीस वर्षांपूर्वी विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी परळ-लालबाग भागातील निवृत्त गिरणी कामगारांच्या आठवणी टिपून, चाळींची छायाचित्रे जोडून त्यांचा स्लाईड-शो तयार केला होता. अलीकडे तो उघडला तेव्हा छायाचित्रे दिसली; मराठी मजकुराच्या जागी मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग उमटली. ज्यांनी त्या आठवणी सांगितल्या त्यांपैकी काही जण आज हयात नाहीत. त्यामुळे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही; तो साधनांच्या जतनाचा, म्हणजेच इतिहासलेखनाचा प्रश्न ठरतो.

स्थिर चित्रांची मालिका आणि तिच्यासोबत चालणारे निवेदन ही मुंबईची जुनी परंपरा आहे. तिचे आयुष्य चित्राच्या गुणवत्तेइतकेच ते चित्र ज्या मापात वा लिपीत बद्ध आहे ते माप सर्वांचे आहे की एकाच यंत्राचे, यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

२. काचपट्टी आणि निवेदक

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडली जात. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांच्या पट्ट्या झपाट्याने बदलून हालचालीचा भास निर्माण केला जाई. चित्रासोबत कथन आणि गायन चाले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, त्यापूर्वीच मराठी प्रेक्षकाला अंधारात बसून प्रकाशचित्रे पाहण्याची सवय लागली होती, असे यावरून म्हणता येते.

याच सुमारास, १८९३ साली, गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सवाला प्रारंभ झाला. पुढे गिरगाव, लालबाग, परळ येथील मंडळांच्या देखाव्यांनी हीच रीत निराळ्या स्वरूपात जपली. एकामागून एक दृश्यावर प्रकाश पडतो, ध्वनिमुद्रित निवेदन चालते, आणि दृश्य संपताच तेथे अंधार होऊन पुढचे दृश्य उजळते. स्लाईड-शो हा शब्द ज्याने कधी ऐकला नाही अशा माणसालाही ही रचना गिरणगावाने शिकविली.

या प्रकारांना एक मर्यादा होती. काचपट्टी ज्या कंदिलासाठी घडविली, त्याच मापाच्या कंदिलात ती बसे. इंग्लंडमध्ये सव्वातीन इंची चौकोनी पट्ट्या रूढ होत्या, तर अमेरिकेत सव्वातीन बाय चार इंचाच्या. कंदील गेला की पट्टी उरते. खेळ मात्र उरत नाही.

३. फाळके आणि सर्वांचे माप

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि चित्रपटनिर्मितीचा ध्यास घेतला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ ठराविक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली. स्थिर चित्रांच्या क्रमातून अर्थ निर्माण होतो, याचे ते प्रात्यक्षिकच होते. पुढे दादरला चित्रित झालेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, फाळके यांनी वापरलेली फिल्म ३५ मिलिमीटरची होती आणि १९०९ मध्ये हे माप आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारले गेले होते. त्यामुळे दादरला तयार झालेले रीळ गिरगावच्या यंत्रावर जसे चालले, तसेच १९१४ साली फाळके लंडनला गेले तेव्हा तेथील यंत्रावरही चालले. अर्थात, केवळ प्रमाण मापामुळे जतन होत नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा फारच थोडा भाग आज उपलब्ध आहे आणि तोही १९१७ च्या नव्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. प्रमाण माप जतनाची शक्यता निर्माण करते. जतन माणसांनाच करावे लागते.

४. ब्राउझर : नवा पडदा

१९८७ साली पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि पुढील दोन दशकांत महाविद्यालयांतील ओव्हरहेड प्रोजेक्टरची जागा त्याने घेतली. याच काळात दुसरी एक वाट तयार होत होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. वेबपृष्ठाची रचना सांगणारी एचटीएमएल, त्याचे रूप ठरविणारी सीएसएस आणि त्याला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट, ही तंत्रे कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती.

१९९८ च्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत पडद्यावरील प्रक्षेपणासाठी स्वतंत्र माध्यमप्रकाराची तरतूद होती. ऑपेरा ब्राउझरने तिचा उपयोग केला. इतर ब्राउझरांनी तिला फारशी साथ दिली नाही व पुढे ती कालबाह्य ठरविली गेली. २००४ मध्ये एरिक मायर यांनी 'एस-फाइव्ह' आणि २००५ मध्ये डेव्ह रॅगेट यांनी 'स्लाइडी' ही साधने सर्वांसाठी खुली केली. २०११ पासून हकीम अल हत्ताब यांचे 'रिव्हील जेएस' प्रचारात आले.

या सर्वांमागील तत्त्व साधे आहे. संपूर्ण सादरीकरण हा एकच मजकूर असतो. प्रत्येक स्लाईड हा त्यातील एक विभाग असतो. सीएसएस एका वेळी एकच विभाग पडद्यावर ठेवते आणि बाकीचे झाकते. बाणाची कळ दाबली की जावास्क्रिप्ट पुढचा विभाग पुढे आणते. शांबरिक खरोलिकेत पट्टी सरकविणाऱ्या हाताचेच हे काम होय. परंतु एक मूलभूत फरक आहे. एचटीएमएल साध्या अक्षरांत लिहिलेली असल्याने, उद्या स्लाईड सरकविणारी जावास्क्रिप्ट चालेनाशी झाली तरी सावधपणे रचलेल्या सादरीकरणाचा मजकूर सलग लेखाप्रमाणे वाचता येतो.

५. देवनागरीचा प्रश्न

मराठीच्या बाबतीत मात्र एचटीएमएल पुरेशी नव्हती. श्रीलिपी, शुषा, कृतिदेव यांसारख्या फाँटांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. तो फाँट यंत्रावर असेल तर मराठी दिसे. नसेल तर रोमन अक्षरांची गिचमिड. काचपट्टी आणि कंदील यांचेच नाते येथे फाँट आणि संगणक यांच्यात निर्माण झाले होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र संकेतांक दिला. त्याचा पाया इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर होता. विंडोज २००० पासून मंगल फाँटसह युनिकोड देवनागरीची सोय झाली; तरीही जुन्या फाँटांची सवय अनेक वर्षे सुटली नाही. आमची सीडी याच संक्रमणकाळातील आहे.

६. सीडीचे पुनर्लेखन

विद्यार्थ्यांच्या मदतीने आम्ही त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर केले. हे काम केवळ अक्षराला अक्षर बदलण्याचे नव्हते. जुन्या फाँटात 'गिरणी' शब्दातील पहिली वेलांटी 'ग'च्या आधी साठविलेली असते. युनिकोडमध्ये ती 'ग'नंतर येते. 'कर्ज' या शब्दातील रफार पूर्वी 'ज'नंतर असे. युनिकोडमध्ये तो आधी येतो. त्यामुळे रूपांतरणानंतर प्रत्येक ओळ माणसाने वाचून तपासावी लागली. त्या वाचनात १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपातील दिवस, चाळीतील उधारी, गावी परतलेली कुटुंबे हे सारे विद्यार्थ्यांनी प्रथमच वाचले. त्यांपैकी काहींचे आजोबा त्याच संपात होते.

नंतर हा मजकूर ब्राउझरवरील स्लाईड-शोच्या रूपात बांधला. त्यात चार दक्षता घेतल्या. पहिली, पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्येच नोंदविले. त्यामुळे तशी सोय असलेल्या फाँटात 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे उमटतात. दुसरी, मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट, छायाचित्रे आणि जावास्क्रिप्टची प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवली. हे घटक दूरच्या सर्व्हरवरून मागविले तर तो सर्व्हर बंद पडताच सादरीकरण लंगडे होते. तिसरी, प्रत्येक छायाचित्राला मजकुराच्या रूपात वर्णन जोडले, जेणेकरून दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही ते ऐकता येईल. चौथी, निवेदकाची टिपणे स्लाईडसोबतच लिहून ठेवली. पटवर्धनांच्या खेळातील सारेच कथन काही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. ही उणीव पुन्हा राहू नये, एवढाच हेतू.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, चित्रकथनाचे तंत्र बदलले तरी त्याची गरज तीच राहिली आहे : क्रमाने येणारे चित्र, त्याला अर्थ देणारा आवाज आणि दोहोंना वाहून नेणारे सर्वांचे माप. ब्राउझर आणि युनिकोड हे आज आपल्या हाती असलेले असे माप आहे. तेही कायमचे आहे असे मानण्याचे कारण नाही. प्रक्षेपणाच्या माध्यमप्रकाराचे उदाहरण समोर आहेच. म्हणून स्थानिक इतिहासाची साधने तयार करणाऱ्या प्रत्येक विभागाने ती खुल्या स्वरूपात लिहावीत आणि ठराविक काळाने उघडून, वाचून पाहावीत. गिरणगावातील बऱ्याच गिरण्यांच्या जागी आता मनोरे उभे आहेत. तेथील माणसांचे शब्द आपल्याच संगणकात असून वाचता येऊ नयेत, ही नामुष्की टाळणे आपल्या हाती आहे.