लॅम्बिक म्हणजे काय, आणि कोणाचे?

'अल-अंबीक' हा अरबी शब्द, म्हणजे अर्क काढायचे भांडे. बेल्जियमच्या 'लॅम्बिक' बिअरचे नाव त्यावरून आले असे काही जण मानतात, तर काही जण तिथल्या लेम्बेक गावाकडे बोट दाखवतात. उर्दू शिकवणाऱ्या मला पहिली व्युत्पत्ती आवडली असती, पण पटते गावाचीच. लॅम्बिक भट्टीवर अर्क काढून होत नाही, ती आंबते. (दारूशी तुमचा काय संबंध, असे कोणी विचारील. शब्दाशी आहे.)

ब्रुसेल्सच्या परिसरात मोड आणलेले जव आणि मोड न आणलेला गहू यांचा रस उकळून रात्रभर उघड्या, उथळ हौदात निववतात. विरजण कोणी लावत नाही; हवेतले यीस्ट आणि जिवाणू आपोआप उतरतात. उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात, म्हणून हे काम थंडीतले. मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे. 'कांतियों' हा १९०० सालचा कारखाना आजही असेच करतो.

अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडला रॉब टॉड यांनी १९९५ मध्ये 'अलागॅश' काढली. २००७ मध्ये तिथे तसाच हौद बांधला गेला. हौद नेता येतो, हवा कशी नेणार? मेनच्याच हवेतले यीस्ट रसात उतरले. बॉस्टनच्या एका बड्या कंपनीने 'क्रॅनबेरी लॅम्बिक' या नावाने बिअर खुशाल विकली होती. अलागॅशने मात्र बाटलीवर लॅम्बिक लिहिले नाही. हौदाला म्हणतात तेच नाव दिले, 'कूलशिप'.